मुखरोग, शस्त्रक्रिया आणि आमचे अण्णा

व्यापारी माणसाचे सारे भांडवल तिजोरीत नसते. त्यातील बराचसा भाग त्याच्या तोंडात असतो. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर व्यवहार केले. कागदाआधी शब्द, शब्दाआधी चेहरा. गुळाच्या सौद्यात उभा असलेला अडत्या आवाजावर ओळखला जातो आणि उधारीचा हिशेब मागायला आलेला शेतकरी आधी पेढीवरच्या माणसाचा चेहरा पाहतो. म्हणूनच तोंडाच्या, जबड्याच्या किंवा घशाच्या गाठीचे निदान झाले, की आपल्या घरांत दोन भीती एकदम शिरतात. पहिली जिवाची. ती सर्वजण बोलून दाखवतात. दुसरी भीती कोणी उघडपणे सांगत नाही : हे तोंड घेऊन पुन्हा गादीवर बसता येईल का? लोक ओळखतील का? शब्द कळतील का?

आमच्या घरात ही दोन्ही भयें दोन वर्षांपूर्वी आली. त्या काळात शस्त्रक्रियेविषयी जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले, ते समाजबांधवांपुढे ठेवावे असे वाटल्याने हा लेखप्रपंच.

थोरले बंधू अण्णा शाहू मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानाचे कर्ते. वय त्या वेळी अठ्ठावन्न. त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही, मद्याचा तर प्रश्नच नव्हता. मात्र सुपारी त्यांच्या तोंडात सकाळपासून असे. गादीशेजारी पितळेचा डबा आणि अडकित्ता हे वडिलांच्या वेळेपासूनचे. आल्यागेल्याला सुपारी देणे हा पेढीचा शिष्टाचारच होता. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टा पडला, पुढे त्याच जागी जखम झाली. तिखट झोंबू लागले. मग वहिनींच्या ध्यानात आले, की अण्णा भाकरीचा घास पूर्वीसारखा घेत नाहीत, लहान लहान तुकडे करून खातात. तोंडच पुरेसे उघडत नव्हते. दाताच्या डॉक्टरांनी आरशाने आत पाहिले आणि त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञ सर्जनकडे चिठ्ठी दिली.

तिथे पहिला अडथळा आला तो जखमेचा तुकडा काढण्याचा. ‘गाठीला सुरी लागली की रोग भडकतो’ ही समजूत आपल्या समाजात किती खोल रुजली आहे, हे त्या आठवड्यात कळले. चार नातेवाइकांनी चार गावांहून फोन करून हेच सांगितले. सर्जनांनी शांतपणे खुलासा केला. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तुकडा न तपासता उपचार सुरू करणे म्हणजे माल न पाहता सौदा करणे. लोकांना तसे वाटण्याचे कारण एवढेच, की पुष्कळ रुग्ण रोग पसरल्यावरच तुकडा द्यायला येतात आणि पुढच्या वाईट परिणामाचा दोष सुरीला मिळतो. व्यापाऱ्याला समजेल अशी ती भाषा अण्णांना पटली. जखमेच्या कडेचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला गेला. आठवड्याने अहवाल आला : गालाच्या अस्तराचा कर्करोग.

माघ चालू होता आणि वैशाखात अण्णांच्या मुलीचे लग्न ठरलेले होते. ‘लग्न होऊन जाऊ दे, मग बघू’ असे घरातील निम्म्या माणसांचे म्हणणे पडले. कोणी लेप सुचवला, कोणी ‘नुसते शेक देऊन बघा, कापाकापी नको’ म्हणाले. आम्ही सारे सर्जनांपुढे जाऊन बसलो. त्यांनी सांगितले, की तोंडाच्या आतील कर्करोगात, शस्त्रक्रिया शक्य असेल तर ती आधी, हाच रूढ क्रम आहे. गालाच्या अस्तराला लागूनच जबड्याचे हाड असते. रोग हाडाकडे सरकू लागला, की नुसत्या किरणोपचाराने तो आटोक्यात येणे कठीण, आणि किरणांचा मोठा मारा त्या हाडालाही सोसत नाही. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या काही कर्करोगांत मात्र किरणोपचार व औषधे यांनी अवयव वाचवून उपचार होऊ शकतात. म्हणजे शेजारच्या माणसाला जे लागू पडले, ते आपल्याला लागू पडेलच असे नाही. मग अण्णांकडे पाहून ते म्हणाले, “काका, लग्नाची तारीख आपण ठरवू शकतो. गाठीची तारीख आपल्या हातात नाही.” अण्णांनी मान हलवली. शस्त्रक्रिया लग्नाच्या आधी करायची, हे त्या खोलीतच ठरले.

आता मूळ विषयाकडे येतो. ‘ऑपरेशन’ हा एक शब्द आपण सर्रास वापरतो, पण डोके आणि मान यांच्या गाठींत सर्जनचा पहिला प्रश्न ‘काय काढायचे’ एवढाच नसतो. ‘तिथपर्यंत जायचे कोणत्या वाटेने’ हाही असतो. पोटात मोठा छेद घेतला तरी तो सदऱ्याखाली झाकला जातो. चेहऱ्याला सदरा नसतो. शिवाय इथे बोटभर जागेत चेहरा हलवणारी नस, जिभेची नस, खांद्याची नस, मेंदूकडे रक्त नेणारी धमनी आणि श्वासाची नळी अशी सारी दाटीवाटीने वसलेली असतात. त्यामुळे वाट निवडणे हीच अर्धी शस्त्रक्रिया.

गाठ लहान असेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर तोंडातूनच ती काढता येते. बाहेर एकही व्रण राहत नाही. गाठ मोठी किंवा मागच्या बाजूला असेल, तर खालचा ओठ मधोमध छेदून तो छेद हनुवटीवरून मानेपर्यंत नेतात आणि गाल पुस्तकाचे पान उलटावे तसा बाजूला करतात. ओठ न कापता मानेच्या छेदातून कातडी वर उचलूनही खालून आत जाता येते. त्यात चेहरा वाचतो, पण हनुवटीची आणि ओठाची संवेदना बहुधा जाते. जिभेच्या मुळाशी गाठ असेल तर जबड्याचे हाड पुढून चिरून दरवाजासारखे बाजूला सारतात आणि काम झाल्यावर धातूच्या पट्ट्यांनी ते पुन्हा जोडतात. वरच्या जबड्याच्या गाठीसाठी नाकाच्या कडेने छेद घेतात. कानाखालच्या लाळग्रंथीसाठी कानाच्या पुढून मानेकडे जाणारा छेद असतो, कारण चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच फांद्या फुटून जाते आणि फांदी न् फांदी शोधून वाचवावी लागते. घशातील निवडक गाठी आता लेसरने किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने तोंडातूनच काढल्या जातात, नाकामागील काही गाठी नाकातूनच दुर्बिणीने. वाटा अनेक आहेत. कोणतीही एक वाट सर्वांसाठी उत्तम नाही.

अण्णांचे तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नव्हते. सुपारीने गालाचे अस्तर आतून ताठ, चामड्यासारखे झाले होते. सर्जनांनी सांगितले, की एवढ्या फटीतून गाठीची मागची कड नीट दिसणार नाही. ओठ छेदून गेलेले बरे. हे ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीच्या लग्नात बापाच्या तोंडावर व्रण! ओठ न कापता काही जमेल का, असे मीही विचारले. उत्तर अण्णांनीच दिले : “मी लोकांना कसा दिसतो, त्यापेक्षा डॉक्टरांना आत नीट दिसणे महत्त्वाचे.” त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

नीट दिसणे का महत्त्वाचे, हेही समजून घेतले पाहिजे. गाठ काढताना तिच्याभोवतीचा साधारण एक सेंटिमीटरचा निरोगी दिसणारा भागही सर्व बाजूंनी काढतात. काढलेला भाग आकसतो; सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या कडेपासून निदान ५ मिलिमीटर निरोगी पेशी दिसल्या, तर ती कड सुरक्षित मानतात. कड हुकली, तर रोग तिथेच परत येण्याचा धोका वाढतो. दिसण्यासाठी कड सोडणे हा व्यवहार आतबट्ट्याचा. जबड्याचेही तसेच. रोग हाडाला नुसता लागून असेल तर हाडाची वरची कड तासून खालचा कणा शाबूत ठेवता येतो. हाडात शिरला असेल तर तेवढा जबडा आरपार काढावा लागतो. छायाचित्रे पाहून अण्णांच्या बाबतीत वरची कड आणि तिथल्या दाढा काढण्याचे ठरले. जबड्याची कमान वाचणार होती.

सगळ्यात मोठा वाद झाला तो मानेवरून. गालाला गाठ आहे, मान तर अगदी साफ. हाताला काही लागत नाही, तपासणीतही संशयास्पद काही नाही. मग मान का कापायची? हा प्रश्न घरातील प्रत्येकाने विचारला, आणि तो रास्तही होता. जगातील सर्जनांनीही हाच प्रश्न अनेक वर्षे एकमेकांना विचारला आहे.

तोंडाचा कर्करोग पसरू लागला, की प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत उतरतो. अमेरिकेतील जॉर्ज क्राईल या सर्जनने १९०६ साली या ग्रंथी एकसंध काढण्याची पद्धत मांडली. त्या पद्धतीत ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी रक्तवाहिनी आणि खांदा उचलणारी नसही जाई. रुग्ण वाचे, पण खांदा खाली पडे आणि हात वर उचलेना. पुढे १९६० च्या दशकात अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी दाखवून दिले, की ग्रंथी ज्या चरबीत असतात ती पापुद्र्यांसकट सोलून काढता येते. स्नायू, शीर आणि नस वाचवता येतात. आज मानेचे पाच विभाग मानून, ज्या विभागांत रोग जाण्याचा संभव अधिक तेवढेच साफ करतात. गालाच्या किंवा जिभेच्या सुरुवातीच्या रोगात बहुधा वरचे तीन.

तरीही गाठ हाताला लागत नसताना मान साफ करावी की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर आपल्याच मुंबईने दिले, ही अभिमानाची गोष्ट. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या दहा वर्षांत तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे, मानेत गाठ नसलेले ५९६ रुग्ण चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली. दुसऱ्या गटात गाठ उद्भवल्यावरच. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के होते. म्हणजे मान आधीच साफ केल्यास दर आठ रुग्णांमागे एक जीव अधिक वाचला. हा हिशेब सर्जनांनी कागदावर मांडून दाखवला. अण्णांनी आयुष्यभर टक्केवारीवर अडत घेतलेली. त्यांनी कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि संमतीपत्रावर सही केली.

आणखी एक चिंता होती : गालाच्या आत एवढा खड्डा पडल्यावर तो भरायचा कशाने? नुसती कड कडेला शिवली तर गाल आवळतो, तोंड उघडत नाही. इथे आपल्या मुलखाचा एक जुना धागा सांगण्यासारखा आहे. टिपू सुलतानाशी १७९२ साली झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा माणूस पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जमातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी देठासह खाली वळवून नवे नाक बसवले. ती हकीकत चित्रासह लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि युरोपातील सर्जनांना तिने नवी वाट दाखवली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक घडवण्याचे वर्णन त्याच्याही कितीतरी आधीचे आहे. शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागाची उणीव भरून काढावी, ही कल्पना परकी नव्हे.

आजचे सर्जन हेच तत्त्व अधिक दूर नेतात. छातीचा स्नायू कातडीसह वर वळवून तोंडात आणण्याची पद्धत स्टीफन आरियन यांनी १९७९ मध्ये मांडली. ती तुलनेने कमी वेळात होते आणि भरवशाची आहे, म्हणून आपल्याकडे आजही फार उपयोगी पडते. हाताच्या मनगटाजवळची पातळ कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसह सोडवून तोंडात बसवता येते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने जोडतात. जबडा आरपार काढला असेल तर पोटरीतील बाजूचे बारीक हाड आणून त्याची कमान घडवतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीचे जाड हाड पेलत असल्याने माणूस पुढे नीट चालू शकतो. अण्णांसाठी डाव्या मनगटाची कातडी निवडली गेली. “उजवा हात शाबूत आहे, पट्टी लिहायची सोय राहिली,” असे ते हसून म्हणाले.

शस्त्रक्रिया आपल्या कोल्हापुरातच झाली. मुंबईला न जाता घराजवळ असे उपचार मिळू शकतात, हे या दोन दशकांतील मोठे सुख आहे. सकाळी साडेसातला अण्णांना आत नेले आणि संध्याकाळी पाचला सर्जन बाहेर आले. मधल्या साडेनऊ तासांत वहिनी एका जागी बसून णमोकार मंत्राची माळ जपत होत्या; मी मात्र दहा वेळा जिना उतरलो आणि चढलो.

दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात पाहिले तो चेहरा ओळखू येत नव्हता. सूज, गळ्याशी श्वासासाठी तात्पुरती नळी, नाकातून पोटात जाणारी दुसरी नळी, हाताला पट्टा. परिचारिका दर तासाला तोंडात पाहून बसवलेल्या कातडीचा रंग तपासत होत्या, कारण रक्ताची गुठळी झाली तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच होण्याचा संभव अधिक, आणि वेळीच कळली तर कातडी वाचवता येते. हे सारे नातेवाइकांना आधी सांगितलेले असेल तर पहिला धक्का सोसवतो. आम्हांला सांगितले होते, तरी वहिनी दाराशीच थबकल्या. अण्णांनी खूण करून कागद मागितला. गळ्यातील नळीमुळे आवाज नव्हता. त्यांनी लिहिले : ‘आज सौद्याला आवक किती?’ मी रव्यांचा आकडा लिहून दाखवला. त्यांनी डोळे मिटले.

आपल्या घरांना भेडसावणारा एक प्रश्न इथे मुद्दाम मांडतो. अण्णांना वीस वर्षांपासून रात्रिभोजनाचा त्याग. नळीने आहार दर दोन-तीन तासांनी द्यायचा, पहिल्या दिवसांत रात्रीही. नळीत काय घालतात, त्यात कांदा-बटाटा, मध किंवा अंड्याचा अंश तर नाही ना, ही शंकाही होती. आम्ही ती न लपवता आहारतज्ज्ञ बाईंना विचारली. त्यांनी मुगाचे कढण, नाचणीचे सत्त्व, तांदळाची पेज, दूध, ताक आणि फळांचा रस यांतून पूर्ण आहार बसवून दिला. मंदिरातील पंडितजींनी घरी येऊन समजावले, की नियम घेताना आजारपणाची सूट गृहीतच असते आणि औषधासमान आहाराने व्रत मोडत नाही. पहिला आठवडा त्या सुटीत गेला. नंतर डॉक्टरांच्याच संमतीने सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत सात वेळा आहार बसवला. सांगायचे एवढेच, की धर्माचा नियम आणि वैद्यकाचा नियम यांत भांडण लावण्याआधी दोन्हीकडे विचारून पाहावे. बहुधा वाट निघते.

दहाव्या दिवशी अहवाल आला. गाठीच्या सर्व कडा साफ होत्या. मानेतून काढलेल्या अठ्ठावीस ग्रंथींपैकी एका ग्रंथीत मात्र रोग पोहोचला होता. हाताला न लागणारी, कुठल्याही चित्रात न दिसलेली ती एक ग्रंथी. ज्या मानेवरून घरात तीन दिवस वाद झाला, तीच मान साफ केल्यामुळे रोग कुठवर गेला ते कळले आणि पुढच्या उपचाराची दिशा ठरली. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे किरणोपचार. एकूण तीस बैठका. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावेत असे सांगितल्याने लग्नाची तयारी आणि शेक एकाच वेळी चालले. तोंड कोरडे पडे, चव गेली, गळ्याची कातडी काळवंडली. शस्त्रक्रियेपेक्षा हा काळ अण्णांना जड गेला, हेही नमूद केले पाहिजे. शस्त्रक्रियेला सारे नातलग येतात. तिसाव्या बैठकीला सोबत फक्त मुलगा असतो.

सारे पूर्वीसारखे झाले, असे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. ओठाचा एक भाग बधिर आहे; पाणी पिताना अण्णा रुमाल जवळ ठेवतात. ‘प’ आणि ‘ब’ या अक्षरांतून थोडी हवा निसटते. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी शिकवलेला व्यायाम ते रोज पहाटे करतात, तोंड उघडण्याच्या लाकडी चमच्यांची संख्या वहीत टिपतात. दोन बोटांचे आता अडीच बोटे झाले आहे. सौद्यात आवाज देण्याचे काम त्यांच्या मुलाकडे गेले. अण्णा गादीवर बसून पट्ट्या लिहितात आणि भाव तोडण्याची वेळ आली की हाताच्या बोटांनी खूण करतात. पन्हाळ्याकडचा एक जुना शेतकरी पहिल्याच आठवड्यात आला, थोडा वेळ त्यांच्या गालावरच्या व्रणाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “अण्णा, माल उतरवू का?” अण्णांनी मान डोलावली. माझ्या मनातील त्या दुसऱ्या भीतीचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

आता आपल्या समाजाला थोडे कटू वाटेल असे लिहितो. आपल्याकडे सप्तव्यसनांचा त्याग लहानपणापासून शिकवला जातो. सुपारी त्या यादीत नाही. चार प्रकारच्या आहारांत ती स्वाद्यात मोडते, म्हणून ती सात्त्विक समजली जाते. पूजेत सुपारी, लग्नात सुपारी, जेवणानंतर सुपारी. पण तंबाखूचा कणही नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिला आहे. तंबाखूबद्दल तर वेगळे सांगणे नलगे. आपल्या सीमेवरचा निपाणी-चिकोडी भाग तंबाखूवर उभा राहिला. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले, गोळीबार सोसला. आपलीही अनेक घराणी त्या व्यापारात आहेत. कोणाच्या पोटावर बोट ठेवण्याचा हेतू नाही. पण शेजारच्या सांगली जिल्ह्याचे आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने अकाली गेले. शरद पवारांनी २००४ साली मुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सोसली आणि त्या व्यसनाचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी कायद्याने येते, पण गादीशेजारचा डबा कायद्याने उचलला जात नाही.

तो आमच्या घरात अण्णांनी स्वतः उचलला. वैशाखातील लग्नात पाहुण्यांपुढे सुपारी ठेवायची नाही, हे त्यांनी कागदावर लिहून वहिनींकडे दिले. तबकात बडीशेप, धनाडाळ, खडीसाखर आणि लवंग ठेवली. काही ज्येष्ठांना ते खटकले. अण्णांचा चेहरा पाहून कोणी काही बोलले नाही. त्यानंतर आमच्या भावकीतील तीन लग्नांत तसेच तबक फिरले आहे.

वाचकांना शेवटी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडून गाल, जीभ, हिरड्या आणि टाळू पाहावेत. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतील गाठ, न जाणारा घोगरेपणा यांपैकी काही आढळले तर घरगुती लेपावर वेळ घालवू नये. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे पाहावे. आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तर सर्जनांना निःसंकोच विचारावे : वाट कोणती आणि तीच का? मानेचे काय? जबडा किती जाईल? जागा कशाने भरणार? बोलणे, गिळणे आणि खांदा यांसाठी पुढे कोण शिकवणार? घर बांधताना आपण गवंड्याला याहून अधिक प्रश्न विचारतो. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या सर्जनांनी तर कागद पुढे ओढून प्रत्येक उत्तर चित्र काढून दिले. ते कागद अण्णांनी जपून ठेवले आहेत. तसेच निदान झालेले कोणी पेढीवर विचारायला आले, की ते कपाट उघडून तेच काढून देतात.